सड्यावर करवंदाची वई : कामाच्या नोंदी

गोव्यातल्या पेडणे तालुक्यात सड्याच्या, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठाराच्या, कडेला आमचं काजूचं भाट (बाग) आहे. तीन बाजूंना जुना गडगा, म्हणजे चिऱ्यांची (जांभ्या दगडांची) रचलेली भिंत. चौथी बाजू, साधारण १८० मीटर, सड्याकडे उघडी. शेतं कापून झाली की गावची गुरं मोकळी सुटतात आणि तिथूनच आत शिरतात. काटेरी तार आणि सिमेंटचे खांब यांचा अंदाज काढला तेव्हा आकडा आला १ लाख १० हजार, शिवाय खारट हवेत तार किती वर्षं टिकणार हा प्रश्न होताच. म्हणून करवंदाची जिवंत वई, म्हणजे झाडांचंच कुंपण, करायचं ठरवलं. करवंद या सड्याचंच झाड आहे. ते इथे पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावाचून आणि खतावाचून उभं आहे. असंच काम कुणाला करायचं असेल तर उपयोगी पडावं म्हणून या नोंदी.

२८ एप्रिल २०२३

दोरी लावून सरळ रेघ मारायची म्हणून गेलो आणि दोरी गुंडाळून परत आलो. त्या बाजूला करवंदाच्या जुन्या जाळ्या आधीच उभ्या आहेत, वाकड्यातिकड्या, पण सगळ्या मिळून ७० मीटर तरी भरतील. त्या तोडून सरळ वई करण्यात अर्थ नाही. वई जाळ्यांना धरून वळत जाईल आणि मधली भगदाडं तेवढी भरायची. म्हणजे काम ११० मीटरचं.

जाळ्या कुठे आहेत ते नीट बघितलं. उघड्या सपाट कातळावर एकही नाही. जिथे कातळाला भेग आहे, जिथे उतारावरून वाहून आलेली माती साठली आहे, जुन्या वारुळाच्या पायथ्याला, किंवा दगडांच्या राशीत, तिथे आहेत. एका मोठ्या जाळीत कोयत्याने फांद्या बाजूला करून आत पाहिलं. मधोमध अंजनीचं कमरेएवढं झाड आणि कुड्याची दोन रोपं. बाहेर उघड्यावर यातलं एकही रोप गुरांनी ठेवलेलं नाही. जाळीच्या काट्यांनी त्यांना राखलंय.

उरलेल्या भागात रानमोडी आणि घाणेरी ही झुडपं माजली आहेत. घाणेरीलाही बारीक काटे असतात, रंगीत फुलं असतात, त्यामुळे "ही पण वईच की, राहू दे" असं शेजारच्या काकांचं म्हणणं पडलं. पण घाणेरी आणि रानमोडी दोन्ही अमेरिकेतून आलेल्या. त्यांच्या सावलीत करवंदाचं एकही लहान रोप दिसलं नाही. दोन्ही काढायच्या.

१२ मे २०२३, शुक्रवार

म्हापशाच्या बाजारातून पिकलेली काळी करवंदं आणली, काही आमच्याच जाळ्यांवरची काढली. बाजारात पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसलेल्या आजींना सांगितलं की बियांसाठी हवीत. त्या लगेच म्हणाल्या, "ओलें आसतनाच पेर गो बाये, सुकल्यार बी मरता." घरी धाकट्या भावाचं मत वेगळं. पाऊस लागायला महिना आहे, सावलीत वाळवून ठेवू, भाजीच्या बियांसारखं. शेवटी दोन्ही करून पाहायचं ठरलं.

बिया काढण्याचं काम चिकट आहे. कच्चट फळाच्या देठातून दुधासारखा चीक येतो आणि तो बोटांवर काळा पडून बसतो. हाताला आधी खोबरेल तेल लावलं तर सुटतो. फळं पाण्यात कुस्करून, गर चाळणीवर चोळून काढायचा. एका फळात तीन-चार चपट्या बिया निघतात. गर राहिला तर मुंग्या येतात, म्हणून तीन पाण्यांनी धुतल्या.

३०० बिया त्याच संध्याकाळी पेरल्या. अर्धी वाळू, अर्धी सड्याच्या कडेची माती, थोडं जुनं शेणखत. बी नखभर खोल. ३०० बिया वर्तमानपत्रावर सावलीत. पिशव्या मुद्दाम उंच घेतल्या, कारण करवंदाचं मूळ सरळ खाली जातं आणि आखूड पिशवीत तळाशी वेटोळं घालतं. असं वेटोळं झालेलं रोप कातळात पुढे मूळ सोडत नाही.

१८ जून २०२३

पाऊस यंदा रेंगाळला. जूनचा पहिला आठवडा कोरडाच गेला, पिशव्यांना रोज झारीने पाणी घालावं लागलं.

ओल्या बियांपैकी २३४ रुजल्या. वाळवलेल्या ३०० बिया जूनच्या सुरुवातीला पेरल्या होत्या, त्यांतल्या ११ वर आल्या, बाकीच्या उकरून पाहिल्या तर मऊ पडून कुजलेल्या. आजींचं म्हणणं शंभर टक्के खरं. करवंदाचं बी साठवून ठेवायचं नसतं. फळ खाल्लं की त्या आठवड्यात ते मातीत गेलं पाहिजे. रानातही तसंच होतं. बुलबुल आणि उदमांजर मे महिन्यात फळं खातात, बी लगेच मातीत पडतं आणि मागोमाग पाऊस येतो.

आजच पन्नासेक काड्याही लावल्या. पेन्सिलीएवढ्या जाड, खालच्या टोकाला मुळं फुटण्याची पावडर लावून. जोडीला जुन्या जाळ्यांवर काही गुट्या बांधल्या. साल काढली, शेवाळ गुंडाळलं, वरून प्लास्टिक. गुटी बांधताना काट्यांनी हात फुटले. करवंदाचे काटे पानांच्या बगलेत जोडीने येतात आणि बऱ्याचदा टोकाला पुन्हा दुभागतात. साधे कापडी हातमोजे काही कामाचे नाहीत. वेल्डिंगवाल्यांचे चामड्याचे मोजे घ्यावेत.

२ सप्टेंबर २०२३

ऑगस्ट जवळजवळ कोरडा गेला. देशभरातच १९०१ पासूनचा हा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला. पिशव्यांतली रोपं पाणी घालून जगवली, २९ मेली. २१६ शिल्लक आहेत. वीतभर वाढली आहेत, काट्यांच्या पहिल्या जोड्या दिसू लागल्या आहेत.

काड्यांतल्या चार फुटल्या, त्याही पुढे वाळल्या. हा मार्ग सोडून दिला. घरच्या घरी, फवाऱ्याच्या सोयीशिवाय, करवंदाच्या काड्यांवर वेळ घालवू नये. गुट्या मात्र बऱ्या निघाल्या. अर्ध्याअधिक गुट्यांना पांढरी मुळं सुटली आहेत.

कमी पडतील म्हणून एका रोपवाटिकेतून ६० रुपयांना एक अशी ४० रोपं आणली होती. "जंगली काळी करवंदं" असं सांगून दिलेली. त्यांतल्या दोन मोठ्या रोपांना फळं होती, ती पिकून गुलाबी-पांढरी झाली, आकारानेही मोठी. ती बागेत लावायची जात आहे, लोणच्या-मुरंब्याला चांगली. पण आम्हाला हवं होतं सड्यावरचंच झाड. ती ४० घराजवळच्या गडग्याला लावली. सड्यावर एकही नेलं नाही. २,४०० रुपये वईच्या हिशेबातून गेले.

२६ नोव्हेंबर २०२३

रानमोडी उपटायची वेळ हीच. जमीन अजून ओली आहे म्हणून मुळासकट येते, आणि फुलं धरायला लागलीत पण बी उडायला लागलेलं नाही. महिनाभर उशीर झाला की म्हातारीसारखं बी वाऱ्यावर सगळ्या सड्यावर पसरतं. नुसती कापली तर पावसात दुप्पट फुटते.

घाणेरीचं तसं नाही, ती उपटून येत नाही. कापली की बुंध्यातून झुडूपभर कोंब. जमिनीच्या खाली दोन-तीन बोटं, खोड आणि मूळ जिथे मिळतं तिथे पिकासने तोडायची आणि बुंधा उलटा करून दगडावर वाळत टाकायचा. हे काम हळू होतं. दोन गडी घेतले होते, दिवसाची मजुरी प्रत्येकी ९०० रुपये. एका दिवसात फार तर दहा मीटर पट्टा साफ होतो, कारण मधेमधे करवंदाची लहान रोपं सापडतात आणि ती सांभाळून काढावं लागतं. गड्यांना प्रत्येक रोप दाखवून दिलं, लाल चिंधी बांधली.

कापलेली घाणेरी जाळली नाही. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या रानात आणि गोव्यात इतरत्र जे वणवे लागले ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहेत.

११ फेब्रुवारी २०२४

वईच्या सड्याकडच्या अंगाला तीन मीटर रुंदीचा गवत कापलेला पट्टा केला. सड्यावरचं गवत आता कागदासारखं वाळलंय. कुणाची विडी पडली तरी सगळं जाईल. हा पट्टा दरवर्षी जानेवारीच्या शेवटी करायचा.

जुन्या जाळ्या फुलल्यात. लांबून नुसता वास येतो, जवळ गेल्यावर फुलं दिसतात. फांदीच्या टोकाला झुपका, कळी बाहेरून गुलाबी, उमललं की पाच पाकळ्यांचं पांढरं फूल, खाली बारीक नळी. देठ तुटला की तिथे चिकाचा पांढरा थेंब येतो. उन्हं चढेपर्यंत मधमाश्या आणि फुलपाखरं यांची ये-जा चालू होती. भाटातल्या काजूलाही याच दिवसांत मोहोर असतो, म्हणजे या माश्या आमच्याच कामाच्या. छाटणी करायची असेल तर या महिन्यात हात लावू नका, फळं झाल्यावर जूनमध्ये करा.

२३ जून २०२४

लावणी झाली. उन्हाळ्यात आणखी ११ रोपं गेली. २०५ बियांची आणि थोडी गुटीची रोपं लावली. अंतर पाऊण मीटर. जिथून गुरं हमखास येतात त्या वाटेवर दोन ओळी, एकाआड एक.

भेगा आणि मातीचे कोपरे सापडले तिथे १४५ लावली. पूर्वेकडच्या टोकाला मात्र कठीण कातळ आहे. तिथे पहारीने फूटभर खोल ६० खड्डे काढून घेतले. गड्यांच्या हाताला फोड आले. तेवढ्या भागासाठी टिपरभर लाल माती मागवली, ५,५०० रुपये.

२१ जुलै २०२४

पूर्वेकडचे खड्डे पाण्याने भरून उभे आहेत. कातळात काढलेल्या खड्ड्याला खाली वाटच नाही. एका खड्ड्यात हात घातला तर माती लापशी झालेली, रोप ओढताच सालीची सालपटं हातात आली, आतलं मूळ तपकिरी. ६० पैकी ३८ गेली. भेगांतल्या १४५ पैकी १७ गेली, तीही बहुतेक डुकरांनी उकरून. पाऊस तोच, दोन्हीकडे सारखाच पडला. फरक एवढाच की भेगेतून पाणी खाली जातं. सड्याच्या पायथ्याच्या झरी मे महिन्यापर्यंत वाहतात त्या याच पाण्यावर.

उपाय असा केला. जी रोपं जगण्याजोगी होती ती काढली. खड्डे दगड-चुरीने बुजवले. त्यावर चिऱ्याच्या तुकड्यांचा गोल आळा रचून आत गुडघ्याच्या निम्म्या उंचीपर्यंत मातीचा ढीग, आणि रोप ढिगावर. पाणी दगडांच्या फटींतून निघून जातं. जाळ्या मुळात दगडांच्या राशीत उगवतात हे पहिल्याच दिवशी दिसलं होतं, तीच रचना ही.

विकतच्या लाल मातीबरोबर रानमोडीचं बी आलं. जिथे ती पसरली तिथे हिरवागार गालिचा. दोन वेळा हाताने खुरपून काढला. पुढच्या ढिगांना सड्यावरचीच माती वापरली, ओहळाच्या कडेला साठलेली. बाहेरची माती सड्यावर आणू नका.

१५ सप्टेंबर २०२४

मधल्या सपाट कातळावर आता पाय ठेवायला जागा नाही इतकी फुलं आहेत. सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे ठिपके, त्यांच्यात गेंदाची पांढरी बटणं. बोटभर माती आणि उथळ पाणी, एवढ्यावर सगळं चालतं. गावातल्या एकाने सुचवलं की इथेही ढीग रचून करवंदं लावा, जागा फुकट कशाला. तिथे लावणार नाही. करवंदाची जागा कडेला आणि भेगेत, ही जागा या फुलांची. वईची रेघ तिथून मागे, भाटाच्या बाजूला घेतली. तीनेक मीटर जमीन बाहेर राहिली, राहू दे.

सड्याला कागदोपत्री पडीक म्हणतात आणि डोळे मिटून खोदतात. मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला. आमच्या बाजूला चिऱ्याच्या खाणी चालल्यात. एकदा वरचा थर कापून नेला की तिथे करवंदही येत नाही आणि सीतेची आसवंही येत नाहीत, उरतो तो चौकोनी खड्डा आणि साचलेलं पाणी. वई करायला घेतली तेव्हा गुरांचा विचार होता. आता मला वाटतं, राखायचा आहे तो सडा. वईमुळे निदान आमच्या वाट्याचा तुकडा कुणी मोकळा समजून वापरणार नाही.

आणखी एक. सहा-सात रोपं पानांवाचून नुसत्या काड्या झालेली दिसली. शोधल्यावर अळी सापडली. करंगळीहून जाड, पोपटी, मानेमागे दोन निळसर-पांढरे डोळ्यांसारखे ठिपके, शेपटाशी आकडा. कण्हेरीवर येते तीच ही, पुढे तिचा मोठा हिरवा पतंग होतो. करवंद कण्हेरीच्याच कुळातलं, म्हणून तिला चालतं. भाऊ औषध मारायला निघाला होता, त्याला थांबवलं. लहान रोपांवरच्या अळ्या पानासकट उचलून जुन्या जाळीवर नेऊन सोडल्या. तीन आठवड्यांत बहुतेक काड्यांना नवी पानं आली.

१९ जानेवारी २०२५

शेतं मोकळी झाली, गुरं सुटली. करवंदाची कोवळी रोपं गुरं खातात. काटा कोवळा असेपर्यंत त्यांना त्याचं काहीच वाटत नाही, आणि शेंडा गेला की रोपाचं एक वर्ष गेलं. तारेची जाळी घालायची म्हटली तर पुन्हा खर्च. जुन्या जाळ्यांच्या छाटलेल्या फांद्या ठेवल्या होत्या, त्यांची सुकी वई केली. प्रत्येक रोपाभोवती तीन-चार काटेरी फांद्या आडव्या, वर दगड. ही सुकी वई एक उन्हाळा आरामात टिकते, वाळला की करवंदाचा काटा अजून कडक होतो. सगळ्या कामात हा उपाय सर्वांत स्वस्त पडला आणि सर्वांत जास्त लागू पडला. मात्र तिथे चपला घालून फिरू नका, गाडीही जवळ नेऊ नका.

गेल्या पावसात जुन्या जाळ्यांच्या लांब फांद्या वाकवून, जमिनीला टेकतात तिथे साल थोडी खरवडून, माती आणि दगडाने दाबून ठेवल्या होत्या. आज दगड उचलले. बऱ्याच ठिकाणी मुळं धरलीत. आईपासून आत्ताच तोडणार नाही, जूनमध्ये बघू. जिथे जुनी जाळी शेजारी आहे तिथे भगदाड भरायला हे दाबकलम रोपापेक्षा सरस. आई-झाडाचं पाणी मिळत राहतं, त्यामुळे उन्हाळ्यात मरत नाही.

३१ मे २०२५

पाऊस मेमध्येच आला आणि थांबला नाही. झाडावरची करवंदं फुटली, बेचव झाली, खाली पडून आंबली. विकणाऱ्या बायकांचा हंगाम अर्ध्यावर संपला, त्यांचं मोठं नुकसान झालं. आम्हाला बियांसाठी टोपलीभर मिळाली. पडलेल्यांतलीही घेतली, बी आतून चांगलं होतं. या वेळी पिशव्या भरल्याच नाहीत. ढिगांवर आणि भेगांत थेट तीन-तीन बिया टोचल्या, कारण ओल आधीच होती. रुजलेल्या जागा मोजल्या नाहीत, पण पूर्वेकडच्या ढिगांवर दोन-दोन पानं दिसताहेत. पिशवीतल्या रोपासारखं मूळ दुखावत नाही, तेव्हा पाऊस वेळेवर असेल तर यापुढे हीच पद्धत.

१६ नोव्हेंबर २०२५

आजचा हिशेब. मजुरी ३१,५००. पिशव्या आणि वाळू २,६००. रोपवाटिकेची रोपं २,४००. लाल माती ५,५००. चामड्याचे मोजे ७००. पहिल्या उन्हाळ्यात पाणी वाहून नेण्याचा खर्च ६,३००. एकूण ४९,०००. यांतले रोपांचे आणि मातीचे मिळून ७,९०० ज्याला हे काम करायचं आहे त्याने सरळ वाचवावेत.

भगदाडांतली बरीचशी झाडं मांडीएवढी झालीत, दाबकलमं कमरेला लागतात. गुरं पश्चिमेच्या बाजूने आता येत नाहीत. पूर्वेकडून येतात, तिथे अजून दोन वर्षं तरी सुकी वई लागेल. डुकरांचं सांगायचं तर करवंद त्यांना अडवत नाही. खालून, फांद्यांच्या बुडाशी ती वाट काढतात. तिथे बुंध्याला लागून चिऱ्याचे दोन थर रचायला घेतलेत.

एका जागी वई बंद करायची नाही असं घरात ठरलंय. वाड्यावरच्या बायका आणि मुलं एप्रिल-मेमध्ये सड्यावर कांटां-चुन्नां, म्हणजे करवंदं आणि तसली रानफळं, काढायला याच वाटेने जातात, आमच्या आधीपासून जातात. त्या वाटेवर दोन छोटे गडगे एकमेकांना आडवे घालून नागमोडी फट ठेवली आहे, दीड हात रुंद. डोक्यावर टोपली घेतलेलं माणूस वळून जातं, गाय वळू शकत नाही. फटीच्या दोन्ही बाजूंच्या फांद्या दरवर्षी जूनमध्ये छाटायच्या, आणि ते काम माझ्याकडे घेतलंय.